गावाकडं यायला आवडेल का, हो की नाही

पोस्टिंग संपायच्या दिवशी इंटर्न पोरं, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, माझ्यासमोर दोन कागद ठेवतात. एक लॉगबुक, त्यावर माझी सही आणि पीएचसीचा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा, शिक्का लागतो, आणि दुसरा कॉलेजचा फीडबॅक फॉर्म. त्या फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो, भविष्यात ग्रामीण भागात काम करायला आवडेल का, आणि पुढं तीन चौकोन, हो, नाही, सांगता येत नाही. माझ्या टेबलासमोर बसून हा फॉर्म भरणाऱ्या जवळपास प्रत्येकानं आजवर 'हो' वर टिक केलीय. करणारच ना, सही तर माझ्याकडूनच घ्यायची असते. ते कागद कॉलेजात जातात, त्यांची बेरीज होते, आणि ग्रामीण पोस्टिंगमुळं विद्यार्थ्यांचा कल गावाकडं वाढला असं कुठंतरी लिहिलं जातं. इकडं शेजारच्या पीएचसीतली एमओची, म्हणजे मेडिकल ऑफिसरची, दुसरी जागा तशीच रिकामी असते.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला एका पीएचसीत मेडिकल ऑफिसर आहे, अकरावं वर्ष चालू आहे. कापूस, तूर, सोयाबीन, मधे जंगल, कोलामांच्या वस्त्या म्हणजे पोडं, बंजारा तांडे, गोंडांची गावं असा हा भाग. सरकारी निकष असा की सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक पीएचसी आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात २० हजारांमागे एक, त्याखाली ५ हजार किंवा ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र. आमच्याकडं वर्षभर कोण ना कोण शिकायला येतच असतं, एमबीबीएसचे इंटर्न, आयुर्वेदाचे म्हणजे बीएएमएसचे, नर्सिंगच्या म्हणजे जीएनएमच्या, एएनएमच्या पोरी, कधी लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारे. त्यामुळं ही पोरं येताना काय घेऊन येतात आणि जाताना काय घेऊन जातात हे मी बऱ्यापैकी जवळून पाहिलंय, आणि त्यावरून माझं जे मत झालंय ते स्पष्ट सांगते. आपण पोरांना गावात पाठवतो पण त्यांना शिकवायची जबाबदारी तिथं कुणावरच टाकत नाही, आणि जोवर ती कुणाची तरी ठरलेली, वेळ आणि पैसा दिलेली जबाबदारी होत नाही तोवर या पोस्टिंगमधून गावाला डॉक्टर, नर्स मिळायचे नाहीत, मग पोस्टिंगचे आठवडे वाढवा की बॉन्डचा, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेचा, दंड वाढवा.

आत्ता कसं चालतं ते सांगते. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये २०२१ च्या नियमांनी कम्युनिटी मेडिसिनला, म्हणजे समाजात जाऊन आरोग्य शिकायच्या विषयाला, १२ आठवडे दिलेत, आधी दोनच महिने होते, म्हणजे कागदावर वाढ झालीय आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण ते १२ आठवडे शहरातलं हेल्थ सेंटर, कॉलेजचं ट्रेनिंग सेंटर, डिपार्टमेंटचं काम असे वाटले जातात आणि माझ्यासारखीच्या वाट्याला पोरगा येतो तो तीन-चार आठवडे. त्यातला पहिला आठवडा औषधाच्या खोलीत काय कुठं ठेवलंय आणि सिस्टरचं नाव काय यात जातो, शेवटचा आठवडा लॉगबुक भरण्यात. मधल्या दिवसांत तो काय करतो तर ओपीडीत माझ्या बाजूला बसून बीपी बघतो, चिठ्ठ्या लिहितो, लसीकरणाच्या दिवशी रजिस्टर भरतो. मला ओपीडीत दीडशे पेशंट असतात, दुपारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची मिटिंग, ऑनलाइन रिपोर्ट, एखादी डिलिव्हरी, मी त्याला कधी शिकवणार? खरं सांगते, कितीतरी पोरं माझ्या हाताखालून अशी गेली की मी त्यांना धड एक केस समजावून दिली नाही, आणि याची मला खंत आहे.

राहायचा प्रश्न तर फार मोठा, आणि त्याबद्दल मोठ्या लेखांत कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. आमच्या इंटर्न क्वार्टरला दोन वर्षं बाथरूमचं दार नव्हतं, नुसता पडदा. पावसाळ्यात खोलीत ओल, लाइट गेली की रात्रभर नाही, पाणी टँकरचं. मुली एक रात्र काढायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून यवतमाळहून अप-डाऊन करायच्या, सकाळी दहाला पोचायच्या, दोनची एसटी पकडायच्या. त्यांना कामचोर म्हणणारे पुष्कळ आहेत, मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याला त्या डॉक्टर मुलीसोबत जे झालं त्यानंतर एका मुलीच्या वडिलांचा मला फोन आला होता, मॅडम, रात्री तिथं वॉचमन असतो का? मी खोटं बोलू शकले नाही. आता जिला पडद्याआड आंघोळ करावी लागली आणि रात्री कडी नीट लागते का हे तीनदा उठून बघावं लागलं, तिला महिन्याच्या शेवटी आपण विचारणार की बाई, तुला गावात काम करायला आवडेल का? तिनं गाव बघितलंच कुठं, तिनं आपली बेपर्वाई बघितली.

दुसरीकडं २०२२ पासून फॅमिली ॲडॉप्शन सुरू झालंय, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली तीन ते पाच कुटुंबं घ्यायची आणि पुढची वर्षं त्यांच्याकडं जात राहायचं. कल्पना उत्तम आहे, मनापासून उत्तम. पण एका कॉलेजची बस आमच्या हद्दीतल्या गावात येते तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. साठ-सत्तर पोरं पांढरे कोट घालून एकदम उतरतात, घराघरात शिरतात, वजन, उंची, बीपी, घरात किती माणसं, संडास आहे का, चूल की गॅस. तीन महिन्यांनी परत येतात आणि तेच विचारतात. निंदणाचे दिवस, मजुरी बुडवून बाई घरी थांबलेली. अशीच एक म्हातारी मला ओपीडीत म्हणाली, "बाई, तुमचे पोट्टे दोन बारी माहं वजन मोजून गेले, पर माह्या गुडघ्याचं कोनी इचारलं नाही जी." त्या पोरांची चूक म्हणाल तर एवढीच की त्यांना गुडघ्याबद्दल विचारलं तर पुढं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासोबत आलेले सर बसजवळ हजेरी घेत होते. म्हातारीचा एक्स-रे कुठं निघेल, गोळ्या कुठून मिळतील, आशाताईला सांगायचं की मला, हे माहीत असलेला माणूस सोबत असता तर त्याच भेटीतून पोरगा खरंच काही शिकला असता, आणि म्हातारीलाही वाटलं असतं की हा आपला.

आता मी उलट बाजूचं सांगते, कारण नुसती तक्रार करायला मी बसले नाही. २०१७ चा फवारणीचा हंगाम यवतमाळात कुणी विसरणार नाही. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली, दमट हवा, दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारत होते, हातात ग्लोव्ह नाही, तोंडाला जुना दुपट्टा, आणि वरच्या पानांवर मारलेला फवारा तोंडावरच येत होता. शेकडो शेतकरी, मजूर आजारी पडले, वीसएक जण जिल्ह्यात गेले. तेव्हा माझ्याकडं एक मुलगी होती, नागपुरातच वाढलेली, इंग्लिश मीडियमची. नाल्याला पूर आल्यानं तिची परतीची तारीख हुकली, मग कॉलेजातून कुणीतरी म्हटलं तिथंच थांब, आणि असं करत ती सलग सहा आठवडे राहिली, क्वार्टरमध्ये न राहता आमच्या सिस्टरच्या घरी. एका रात्री बैलगाडीवर एक माणूस आला, घामानं चिंब, तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, तिनं भरलं, तिनंच दिलं, दर थोड्या वेळानं बाहुल्या आणि छाती बघत बसली, १०८ येईपर्यंत त्याचे कपडे काढून साबणपाण्यानं अंग पुसलं. पुस्तकातलं ते सगळं तिला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला आशाताईसोबत त्याच्या शेतात पाठवलं, म्हटलं पंप बघून ये. ती दुपारी आली ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली मॅडम, त्याच्या पंपाचं झाकण गळतंय, सगळी पाठ भिजते, आणि तो पंप किरायाचा आहे, उद्या दुसरा माणूस तोच घालणार. त्या दिवसापासून ती ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक गड्याला विचारायची, पंप कोणाचा, झाकण गळते का.

ती पुढं गावात राहिली का? नाही. ती भूलतज्ज्ञ झाली, नागपुरात असते. पण फवारणीच्या दिवसांत मी पेशंट रेफर केला आणि वर काही अडलं तर मी तिला फोन करते आणि ती उचलते, आणि पेशंटला काय झालंय हे मला समजावून सांगावं लागत नाही कारण तिनं तो पंप पाहिलाय. म्हणून जो गावात नोकरीला राहिला नाही त्याचं पोस्टिंग वाया गेलं असा हिशोब मला पटत नाही. शहरातल्या वॉर्डात बसलेला डॉक्टर गावचा पेशंट उशिरा आला म्हणून त्याच्यावर ओरडतो तेव्हा त्याला नाल्याचा पूर माहीत नसतो, एवढं जरी बदललं तरी आमच्या पेशंटचं खूप भलं होईल.

पण मग गावात राहतं कोण? याचं उत्तर जगभरात बऱ्यापैकी सारखंच आलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२१ मध्ये त्या सुधारल्या, आणि त्यात जे सांगितलंय ते आपल्याकडची कुठलीही जुनी सिस्टर सांगेल तेच आहे, गावातली मुलं घ्या, कॉलेजं मोठ्या शहरांच्या बाहेर काढा, शिकतानाच गावात काम करायला लावा, आणि नंतर राहायला घर, पोरांना शाळा, पुढं शिकायची संधी द्या. यातली एकच गोष्ट उचलून बाकीच्या सोडल्या तर फार काही हाती लागत नाही. आपण नेमकी पोस्टिंग तेवढी उचललीय. अमेरिकेत मिनेसोटाला १९७१ पासून एक कार्यक्रम चालतो, त्यात मेडिकलची मुलं नऊ महिने एकाच छोट्या गावात राहून तिथल्या डॉक्टरच्या हाताखाली शिकतात. नऊ महिने, एकाच गावात, एकाच शिक्षकासोबत! जपानमध्ये १९७२ ला जिची विद्यापीठ काढलं, तिथं प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घेतात, फीचा भार प्रांत उचलतो आणि मुलानं नऊ वर्षं आपल्याच प्रांतात नोकरी करायची. बॉन्ड तिथंही आहे, पण मुलगा निवडताना, शिकवताना, पाठवताना सगळं एकाच दिशेनं चाललेलं असतं.

आणि एवढ्या लांब कशाला, आपल्या विदर्भातच सेवाग्राम आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ ला तिथं मेडिकल कॉलेज सुरू केलं, आणि तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा पहिला मुक्काम पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात असतो, मग पूर्ण बॅच एक गाव दत्तक घेते, त्या गावात शिबिराला राहते, आणि तीच मुलं त्याच घरांत पुन्हा पुन्हा जातात. आता देशभर आलेल्या फॅमिली ॲडॉप्शनची ही जुनी वाट आहे. तिथं पीजीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसला, प्रवेश घ्यायचा तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा करावी लागायची, अशी अट बरीच वर्षं होती. पुढं नीट पीजी ही देशभराची एकच प्रवेश परीक्षा आली आणि प्रवेश एका रँकवर गेले. मला कुणी सांगेल का की गावात दोन वर्षं काढलेल्या पोराला त्या रँकमध्ये मान कुठं आहे? २०० प्रश्न, सगळे पर्यायवाले, त्यात एकही प्रश्न असा नसतो की बाळंतपणाला ग्रामीण रुग्णालयात जायला नाही म्हणणाऱ्या सासूला तू कसं पटवशील. म्हणून इंटर्न पोरगा पीएचसीत बसून मोबाइलवर कोचिंगचं ॲप उघडतो तेव्हा मी त्याला बोलत नाही, त्याच्या बापानं कर्ज काढलेलं असतं, आणि परीक्षा त्याला जे विचारते तेच तो वाचतो. पण हे चालू ठेवून आपण त्याच्याकडून गावाची ओढ मागतो, हे चूक आहे.

माझ्याकडं आलेल्यांपैकी जे खरंच खेड्यात राहिले ते हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यातले बहुतेक खेड्यातलेच आहेत. एक पोरगा दिग्रसकडच्या तांड्यावरचा, गोरमाटी त्याची घरची बोली. त्याच्या पहिल्याच दिवशी तांड्यावरची एक बाई आली, सहावा महिना, चक्कर येते म्हणाली, आणि मी मराठीतून विचारत होते तोवर ती 'हो, नाही' एवढंच बोलत होती. हा पोरगा सहज तिच्या बोलीत काहीतरी बोलला आणि बाई धाडधाड बोलायलाच लागली, लोहाच्या गोळ्या खाल्ल्या की मळमळते म्हणून दोन महिने फेकून देत होती हे त्या पाच मिनिटांत कळलं. आज तो बाजूच्या तालुक्यात आहे, बॉन्ड कधीच संपला, तो थांबलाय. आता मी असं म्हणत नाही की शहरातल्या पोरानं येऊच नये, पण पोडावर जाऊन कोलामी कानावर पडली आणि 'जीव घाबरते', 'चकरा येतेत', 'आंग मोडून आलं' या शब्दांमागचा आजार ओळखायचा तर एक तर तो शब्द लहानपणी ऐकलेला पाहिजे नाहीतर तो शिकवणारं कुणीतरी पाहिजे आणि शिकायला वेळ पाहिजे. २०२० मध्ये मेडिकल प्रवेशातला ७०:३० चा प्रादेशिक कोटा, म्हणजे ७० टक्के जागा आपापल्या विभागातल्या मुलांना, रद्द झाला तेव्हा विदर्भ-मराठवाडा असा भरपूर वाद झाला. माझं म्हणणं, प्रदेशाचा वाद राहू द्या, नागपूरच्या रामदासपेठेतला मुलगाही विदर्भाचा आणि झरी जामणीच्या पोडावरचाही विदर्भाचा, त्या दोघांतला दुसरा किती वेळा मेडिकलपर्यंत पोचतो ते बघा.

बॉन्डबद्दल लोक मला नेहमी विचारतात. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा, नाहीतर १० लाख दंड, पीजीला ५० लाख. लोकांच्या पैशानं शिकलात तर वर्षभर लोकांत राहा, यात मला काही चुकीचं वाटत नाही, मीही केलंय. पण बॉन्डवर आलेला डॉक्टर पहिल्या दिवशी एकटा असतो, त्याला ना कुणी शिकवायला ना विचारायला, रात्री दोनला साप चावलेला येतो, एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचा उतारा, लावताना रिॲक्शन आली तर, ही भीती पोटात घेऊन तो बसलेला असतो. माणूस भीतीच्या जागी राहत नाही. वर्ष कधी संपते याचे दिवस मोजतो. त्याच पोरानं इंटर्नशिपमध्ये कुणाच्या तरी सोबत दहा सर्पदंश हाताळलेले असते तर तो हाच बॉन्ड वेगळ्या मनानं केला असता. दंड दुप्पट करा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते की ज्याच्याकडं पैसा आहे तो भरून मोकळा होईल आणि ज्याच्याकडं नाही तो येईल पण घाबरलेलाच येईल.

आणि हे सगळं बोलताना आपण सारखे एमबीबीएसबद्दलच बोलतो, हेही मला खटकतं. आरोग्य शिक्षणातले विद्यार्थी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पांढरा कोट. आमच्याकडं येणाऱ्या जीएनएम, एएनएमच्या पोरी घाटंजी, आर्णी, राळेगाव, मारेगावच्या असतात. व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला लावून चिखलातून चालतात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला पोरांच्या रांगा लावतात, बाळंतिणीला पान्हा येत नाही तर तिच्या बाजूला बसतात, आणि रात्री सिस्टरच्या घरी भाकरी थापायलाही मदत करतात. त्यांना गावात राहायचंय. त्यांचं घर इथंच आहे. पण त्यांना तो फॉर्म कुणी देत नाही, त्यांच्या मनात काय आहे याचा अभ्यास कुणी करत नाही, आणि कोर्स झाल्यावर त्यांच्यापुढं काय असतं तर कंत्राटी जागा, अकरा महिन्यांची ऑर्डर, कधी दोन-दोन महिने पगार नाही. २०२३ ला एनएचएमचे, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे, कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले ते काही उगाच नाही. मग यातल्या हुशार पोरी नागपूर, पुणे, हैदराबादच्या प्रायव्हेट हॉस्पिटलला जातात. जिची राहायची इच्छा आहे तिला आपण जाऊ देतो आणि ज्याची नाही त्याला दंडाची भीती घालतो. हे बघून माझा जीव तुटतो.

बीएएमएस करून किंवा बीएससी नर्सिंग करून सहा महिन्यांचा कोर्स करतात आणि उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, होतात, त्यांचं काम तर मी रोज बघते. आमच्या दोन उपकेंद्रांत बीपी-शुगरचे पेशंट आता महिन्याच्या महिन्याला गोळ्या घेतात ते या सीएचओंमुळं. इंटर्न पोरांना मी आता आधी त्यांच्याकडं चार दिवस बसवते, आणि एमबीबीएसच्या पोरांना पहिल्यांदा थोडं कमीपणाचं वाटतं, मग दुसऱ्या दिवशी वाटत नाही.

कमीपणाचं वाटणं, ही गोष्ट मला वाटतं सगळ्यात खोल आहे. पोरांच्या मनात असतं की खरी मेडिसिन मोठ्या हॉस्पिटलात असते आणि गावात आपण सर्दी-खोकल्याच्या गोळ्या वाटतो. मी त्यांना गडचिरोलीचं सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, १९८९ ला ते लॅन्सेट या वैद्यकाच्या जगप्रसिद्ध मासिकात छापून आलं आणि जगाला कळलं की बायकांना कुटुंब नियोजनाच्या पलीकडंही आरोग्याचे कितीतरी त्रास असतात. दहा वर्षांनी, १९९९ ला, पुन्हा लॅन्सेटमध्येच, ३९ गावांतलं काम, गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला, श्वास देऊन बघायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन, ताप बघते ना, त्याचं मूळ तिथं आहे. म्हणजे गावात जाऊन ज्ञान फक्त वाटायचं नसतं, तिथं ते तयारही होतं. हे ऐकलं की पोरांचे चेहरे बदलतात. आणि मला वाईट वाटतं की साडेचार वर्षं विदर्भातल्याच कॉलेजात शिकून हे त्यांना माझ्या व्हरांड्यात पहिल्यांदा कळतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवीन सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यात गडचिरोली, अमरावती, वाशिम, बुलडाणा, भंडारा ही पाच विदर्भातली. ही फार मोठी संधी आहे. गडचिरोलीच्या कॉलेजातला मुलगा मलेरिया पुस्तकातून कमी आणि घोटूल, म्हणजे गोंडांचं तरुण पोरापोरींचं घर, असलेल्या गावातून जास्त शिकला पाहिजे, भंडाऱ्याच्या मुलानं धानाच्या बांधीत साप कसा चावतो आणि माणूस पहिले दोन तास कुणाकडं जातो हे बघितलं पाहिजे. तिथंही जर नागपूरचीच नक्कल झाली, तेच लेक्चर, तीच बस, तीच हजेरी, तर जिल्ह्याच्या गावी इमारत बांधून काय मिळवलं? देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीनं सांगितलं होतं की वैद्यकीय शिक्षणात तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं प्रशिक्षण हवं, समाजाचा डॉक्टर घडला पाहिजे. आज जवळपास ऐंशी वर्षांनी आपण पुन्हा १२ आठवड्यांवर आलोय, म्हणजे आठवड्यांचा आकडा तोच आहे, त्या आठवड्यांत शिकवणार कोण हे अजून ठरायचं आहे.

माझ्या मते पहिलं हे ठरवा की कमीत कमी आठ आठवडे सलग, एकाच पीएचसीत, मधे बोलावणं नाही. पीएचसीतल्या एका माणसाला, तो एमओ असो, जुनी सिस्टर असो, सीएचओ असो, शिक्षक म्हणून कॉलेजची नेमणूक आणि मानधन द्या, आणि त्या दिवसांत त्याचं काही काम दुसऱ्याकडं सोपवा. आमच्या सिस्टरनं सव्वीस वर्षांत किती डिलिव्हऱ्या केल्या असतील, कुठल्याही कॉलेजच्या शिक्षकाइतकी ती शिकवू शकते, तिला एक साधं पत्रही कुणी दिलेलं नाही. कॉलेजचे सर पंधरा दिवसांतून एकदा येऊन पोरांसोबत केस बघू द्या, हजेरी आम्ही पाठवू. प्रत्येक पोराकडं चार-पाच पेशंट असे द्या की ते त्याचे, टीबीचा एक, सिकलसेलचा एक, एक गरोदर बाई, एक शुगरवाला, आणि पोस्टिंग संपल्यावरही फोनवरून त्यानं त्यांची खबर ठेवायची, कारण टीबीचं औषध सहा महिने चालतं आणि पेशंट बरा झालेला बघितल्याशिवाय डॉक्टरला त्या कामाची गोडी कशी लागणार? मुलीला राहायला दार असलेली, कडी असलेली, पाणी असलेली खोली आणि रात्री वॉचमन. हे मागताना मला लाजही वाटते, इतकं साधं आहे.

राहिला तो फॉर्म. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराची इच्छा शेवटच्या दिवशी विचारून काही कळत नाही, लग्न व्हायचंय, पीजी व्हायचीय, आईबाप म्हातारे व्हायचेत. विचारायचंच असेल तर पाच वर्षांनी विचारा, कुठं आहेस, आणि गावातून निघून गेला असशील तर कशामुळं गेलास. सोडून गेलेल्यांकडून आपल्याला जास्त शिकता येईल असं मला वाटतं. माझ्यासोबत लागलेला एक डॉक्टर होता, चांगला, लोकांना आवडणारा, त्याची मुलगी पाचवीत गेली आणि जवळ धड शाळा नाही म्हणून त्यानं बदली मागितली, बदली मिळेना म्हणून राजीनामा दिला. त्याची इच्छा कुठंच गेली नव्हती. गावातल्या शाळेचा प्रश्न हा आरोग्य खात्याचाही प्रश्न आहे, हे मी मिटिंगमध्ये बोलते तेव्हा लोक विषय सोडून बोलताय म्हणतात.

पुढची बॅच एक तारखेला येतेय, चार जण, त्यात दोन मुली. बाथरूमला दार बसलंय, ग्रामपंचायतीनं पैसे दिले, सरपंचताईंनी स्वतः उभं राहून बसवून घेतलं. सिस्टरनं एक खाट जास्तीची काढून ठेवलीय. आशाताईंना मी सांगितलंय की पहिल्या दिवशी या पोरांना ओपीडीत ठेवायचं नाही, सकाळीच पोडावर न्यायचं, कोट घालू द्यायचा नाही, आणि वजनकाटा इथंच ठेवून जायचं. दुपारी आल्यावर मी त्यांना एवढंच विचारणार आहे की आज कोणाकोणाशी बोललात, आणि त्यांची नावं काय.